वैद्यकाचे शब्द आणि रोग्याची संमती

शस्त्रक्रियेपूर्वी रोग्याची संमती घेतली पाहिजे, हे तत्त्व आता कोणी नाकारीत नाही. संमतीचा छापील कागद पुढे येतो, आप्तमंडळी सही कोठे करावयाची तेवढे विचारतात, आणि सही होते. ज्यावर सही केली त्या शब्दांचा अर्थ विचारण्याची चाल मात्र आमच्याकडे नाही. ती पडली पाहिजे, आणि त्यासाठी वैद्यकातील नित्याच्या शब्दांची तोंडओळख प्रत्येक साक्षर स्त्रीपुरुषास असली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा विद्वत्तेचा हव्यास नव्हे. १९९५ साली दिल्ली येथील एका स्त्रीने ‘लॅपरोस्कोपी’स, व जरूर पडल्यास ‘लॅपरोटॉमी’स, संमती दिली होती. ती भुलीखाली असता बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय व अंडाशये काढून टाकण्यात आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २००८ साली न्यायालयाने निर्णय दिला की, तपासणीस दिलेली संमती ही अवयव काढण्याची संमती होत नाही. आणि रोगी सज्ञान असून प्रसंग जिवावरचा नसेल, तर त्याच्याऐवजी दुसऱ्या कोणाची संमती पुरत नाही. या वादाचे मर्म पुष्कळसे तीन प्रत्ययांत सामावलेले आहे. ‘स्कोपी’ म्हणजे आत पाहणे, ‘टॉमी’ म्हणजे चिरणे, आणि ‘एक्टॉमी’ म्हणजे कापून बाहेर काढणे. हिस्टेरेक्टॉमी म्हणजे गर्भाशय काढणे. हे तीन प्रत्यय शिकावयास एक घटका पुरते, आणि एकदा कळले म्हणजे ते शरीराच्या कोणत्याही भागास लावून पाहता येतात.

दिल्लीची ती स्त्री न्यायालयापर्यंत पोहोचू शकली. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांपैकी कितीतरी जणींची गर्भाशये ऐन तारुण्यात काढली गेल्याचा बोभाटा २०१९ साली झाला, व सरकारास चौकशी समिती नेमावी लागली. शब्दज्ञान असते तर हे सर्व टळले असते, असे आम्ही म्हणत नाही. मुकादमाची उचल, खाड्याचा दंड आणि फडावरची पाण्याची व आडोशाची वाण, यांची औषधे निराळी आहेत. तथापि तेथे जो शब्द वापरला जात होता त्याकडे वाचकांनी लक्ष द्यावे. तो शब्द ‘पिशवी’. पिशवी खराब झाली, पिशवी काढली. या घरगुती शब्दाने भीती कमी होते खरी, परंतु त्याबरोबर अर्थही नाहीसा होतो. गर्भाशय तेवढे काढले तर मासिक पाळी थांबते. दोन्ही अंडाशयेही काढली तर अकाली रजोनिवृत्ती येते व हाडे लवकर ठिसूळ होऊ लागतात. ‘पिशवी काढली’ म्हणणाऱ्या बाईस यांतले आपले काय झाले हे पुष्कळदा ठाऊकच नसते, आणि पुढे दहा वर्षांनी कंबर धरली म्हणून ती दुसऱ्या डॉक्टराकडे गेली म्हणजे त्यासही सांगता येत नाही. ‘ऊफोरेक्टॉमी’, म्हणजे अंडाशय काढणे, हा एक शब्द तिच्या कागदावर आहे की नाही, एवढे तिला वाचता आले पाहिजे.

आमच्या बोलीतही घोटाळा थोडा नाही. पित्त म्हणजे कोणाची आंबट ढेकर, कोणाच्या अंगावर उठलेल्या गांधी, तर कोणाचा यकृतातून स्रवणारा रस. काळीज कवितेत हृदय असते आणि खाटकाच्या दुकानात यकृत होते!

कोणी म्हणतील, हे शब्द इंग्रजी आहेत, ते मराठी करा म्हणजे झाले. वस्तुतः ते मूळचे बहुतांशी ग्रीक व लॅटिन आहेत; लंडनच्या हमालासही ते आपोआप कळत नाहीत. ‘नेफ्रायटिस’च्या जागी ‘वृक्कशोथ’ लिहिले तरी शेतकऱ्यास बोध व्हावयाचा नाही. ‘मूत्रपिंडाची सूज’ असे लिहिले तर होईल. खुद्द डॉक्टरांसही पूर्वी हा त्रास होता. शरीराच्या भागांची सुमारे पन्नास हजार नावे प्रचारात होती. ती छाटून साडेपाच हजारांवर आणणारी यादी १८९५ साली बाझेल येथे मान्य झाली. पंडितांनी आपली सोय करून घेतली. रोग्याची सोय कोणी पाहावयाची?

अर्धवट ज्ञान घातक, हा आक्षेप नेहमीचा आहे. आम्ही कोणास घरी बसून औषधे ठरवावयास सांगत नाही. परंतु मधुमेह्याच्या घरी ‘हायपो’ म्हणजे उणे व ‘हायपर’ म्हणजे अधिक, एवढे ठाऊक नसले तर साखर उतरून घेरी आलेल्या माणसास साखर द्यावयाची की नाही याचाच वाद चालतो. ‘पॉझिटिव्ह’ शब्द ऐकून आनंदणारे लोक आम्ही पाहिले आहेत. त्याचा अर्थ ज्याचा शोध घेतला ते सापडले, एवढाच. औषधाच्या चिठ्ठीवरील ‘बीडी’ म्हणजे दिवसातून दोनदा, ‘टीडीएस’ म्हणजे तीनदा, ‘एसओएस’ म्हणजे गरज पडली तरच. ‘ओडी’ एरवी दिवसातून एकदा, पण नेत्रवैद्याच्या कागदावर तोच उजवा डोळा. हे ज्ञान अर्धवट म्हणावे, तर त्याच्या अभावास काय म्हणावे?

आमची मागणी फार मोठी नाही. नववी-दहावीच्या शास्त्राच्या पुस्तकात पचनसंस्थेची आकृती मुले काढतातच. तिच्याशेजारी असले वीस-पंचवीस शब्दावयव द्यावेत, आणि परीक्षेत खरीखुरी चिठ्ठी वाचावयास द्यावी. रोग्याने मागितल्यास त्याची कागदपत्रे बहात्तर तासांत दिली पाहिजेत, असा वैद्यक परिषदेचा २००२ सालचा नियम आहे. त्यास एवढी पुरवणी जोडावी की, संमतिपत्रावर व घरी सोडतानाच्या कागदावर शस्त्रक्रियेच्या नावाखाली, कोणता अवयव काढावयाचा किंवा काढला आणि कोणता ठेवला, हे साध्या मराठीत एका ओळीत लिहावे, आणि ती ओळ सहीपूर्वी रोग्यास वाचून दाखवावी. सरकारी रुग्णालयांत हे येत्या महिन्यापासून सुरू करता येईल. त्यास नवा कायदा लागत नाही, खात्याचे एक परिपत्रक पुरे.