पक्षिगणना अभयारण्याच्या हद्दीपाशी थांबू नये

म्हैसूरच्या विजयनगर भागापासून काही किलोमीटरांवर, श्रीरंगपट्टणजवळ कावेरीच्या पात्रात रंगनतिट्टू पक्षी अभयारण्य आहे. सतराव्या शतकातील बंधाऱ्यामुळे तेथे बेटे निर्माण झाली. डॉ. सलीम अली यांच्या सूचनेवरून म्हैसूर संस्थानाने १९४० मध्ये त्यांना संरक्षण दिले. २०२२ मध्ये या पाणथळीला रामसर दर्जा मिळाला.

बेटांवर चित्रबलाक, मुग्धबलाक आणि चमचे घरटी करतात. मात्र अभयारण्याभोवती भात आणि उसाची शेते आहेत, आणि मुग्धबलाकासारखा पक्षी भातखाचरांतील गोगलगायी टिपतो. कृष्णराजसागरातून विसर्ग वाढून घरटी बुडाली, तर कारण डोळ्यांना दिसते. शेतातून आलेले कारण तसे दिसत नाही. गणनेतून संख्या कळते. घट का झाली, हे कळेलच असे नाही.

भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानाचा अनुभव हेच सांगतो. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांच्या नोंदींतून १९९० च्या दशकात तेथील गिधाडांची मोठी घट उघड झाली. उद्यान संरक्षित होते, तरीही गिधाडे मरत होती. २००४ मध्ये पाकिस्तानातील संशोधनाने कारण स्पष्ट केले. जनावरांना दिलेले डायक्लोफेनॅक मृत शरीरात उरत होते आणि ते मांस खाणाऱ्या गिधाडांचे मूत्रपिंड निकामी होत होते. २००६ मध्ये भारताने या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. घट उद्यानात मोजली गेली; तिचे उत्तर गोठ्याशी निगडित निघाले.

महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ असलेल्या नांदूर मधमेश्वरला हा धडा थेट लागू पडतो. निफाड तालुक्यातील या जलाशयाभोवती द्राक्ष, ऊस आणि कांद्याची शेती आहे. निर्यातीची द्राक्षे पिकवणारे बागायतदार फवारणीच्या नोंदी आधीपासूनच ठेवतात. दरवर्षी जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणनाही होते. या दोन नोंदवह्या एकमेकींशेजारी ठेवून वाचल्या गेल्या पाहिजेत.

अशा नोंदींवरून आपल्यालाच दोषी ठरवले जाईल, ही शेतकऱ्यांची शंका रास्त आहे. म्हणून माहिती गावनिहाय एकत्र करावी. त्यात कोणाचेही नाव वा गट क्रमांक नसावा. केवळ दोन नोंदी जुळल्याने कारण सिद्ध होत नाही, हेही स्पष्ट असावे. मात्र पाणी, गाळ आणि मृत पक्ष्यांचे नमुने कोठे व केव्हा तपासावेत, याची दिशा त्यातून मिळेल.

हे काम वनरक्षक एकटा करू शकत नाही. कोणत्या पिकावर कोणत्या आठवड्यात काय फवारले जाते, याची जाण कृषी सहायकाला आणि प्रयोगशील शेतकऱ्याला असते. येत्या गणनेत दुर्बीण घेतलेल्या अभ्यासकाशेजारी फवारणीची वही घेतलेला शेतकरी उभा राहिला, तर मोजलेल्या संख्येला अर्थ मिळेल.