बेरीज जुळली, हिस्सा गेला

माझी भाची बारावीला आहे. तिला संगणकशास्त्रात सी प्लस प्लस शिकवतात. प्रकल्प म्हणून तिने विरासतीचा हिशेब करणारा प्रोग्राम लिहायला घेतला. मालमत्तेची रक्कम टाकायची, त्यातून कफन-दफनाचा खर्च, कर्ज आणि वसीयत वजा करायची, की प्रत्येक वारसाचा हिस्सा पडद्यावर दिसणार.

उदाहरण तिने सोपंच घेतलं होतं. मय्यतीचे आई-वडील हयात नाहीत. वारस म्हणजे पत्नी, एक मुलगा आणि एक मुलगी. सगळं वजा जाता उरले २४ लाख. सूरह निसामधल्या हुकमाप्रमाणे मुलंबाळं असताना पत्नीला आठवा हिस्सा, म्हणजे ३ लाख. राहिले २१ लाख. त्यात मुलाचे दोन वाटे नि मुलीचा एक, म्हणजे १४ लाख आणि ७ लाख.

पडद्यावर मात्र आलं : मुलगा १६ लाख, मुलगी ८ लाख, पत्नी ०.

"खाला, बेरीज तर जुळतेय!" भाची म्हणाली. आणि खरंच, २४ लाख पुरे होत होते. शेजारी अम्मी बसली होती. तिने चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "बेवेला काहीच नाही का गं?"

चूक शोधायला आम्हाला अर्धा तास लागला. भाचीने सगळ्या रकमा 'इंट' प्रकारात ठेवल्या होत्या. इंट म्हणजे पूर्णांक. आणि पत्नीच्या ओळीत तिने कंसात १ भागिले ८ करून मग त्याला २४ लाखांनी गुणलं होतं. या भाषेत दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच येतो. चौथीतलं मूल मांडतं तसं समजा : १ भागिले ८, भागाकार ०, बाकी १. मूल निदान बाकी लिहून तरी ठेवतं. सी प्लस प्लस ती टाकून देते. जवळच्या पूर्णांकाकडेही जात नाही. ७ भागिले ८ केलं तरी शून्यच. मग शून्याला २४ लाखांनी गुणा नाहीतर २४ कोटींनी. यात प्रोग्राम अडत नाही, चूक झाल्याचं सांगतही नाही. पुढच्या ओळीत 'एकूण वजा पत्नीचा हिस्सा' होतं, म्हणून तिचे ३ लाख गुपचूप मुलांच्या वाट्याला गेले आणि बेरीज जुळली.

आपल्या जुन्या आलिमांची रीत इथे कामाला आली. फराइजमध्ये अपूर्णांक घेऊन कोणी चालत नाही. आधी असल-ए-मसअला काढतात, इथे ८. पत्नीचा १, उरले ७. सातचे तीन वाटे पुरे होत नाहीत, म्हणून आठाला तीनाने गुणून २४ करतात. याला तसहीह म्हणतात. आता पत्नी ३, मुलगा १४, मुलगी ७, सगळे पूर्णांक. रकमेला वाट्याने गुणायचं आणि भागाकार अगदी शेवटी. (अल्‌-ख्वारिझ्मीच्या बीजगणिताच्या ग्रंथात वसीयत आणि विरासतीच्या उदाहरणांचा मोठा भाग आहे. अल्गोरिदम हा शब्द त्याच्याच नावावरून आला, हे वर्गात सांगितलं की मुलं सरसावून बसतात.)

आम्ही तसं केलं, उत्तर बरोबर आलं. मग २५ लाख टाकून पाहिले : ३,१२,५००, १४,५८,३३३ आणि ७,२९,१६६. बेरीज २४,९९,९९९. एक रुपया गेला! पण हा रुपया मला त्या तीन लाखांपेक्षा प्रामाणिक वाटला, कारण बेरीज चुकते म्हणून तो लगेच दिसतो. बाकी काढायचं टक्क्याचं चिन्ह वापरून तो 'शिल्लक' म्हणून दाखवायचा. कोणाला द्यायचा ते वारस ठरवतील.

भाचीने सुचवलं, रुपयांऐवजी पैशांत हिशेब करू. विचार चांगला, पण तिथे दुसरा खड्डा आहे. आजच्या बहुतेक संगणकांवर इंटची मर्यादा २,१४,७४,८३,६४७. चोवीस लाख रुपयांचे २४ कोटी पैसे मावतात, पण १४ ने गुणलं की ३३६ कोटी होतात आणि उत्तर भलतंच, बहुधा उणे, येतं. जुन्या टर्बो सी प्लस प्लसमध्ये तर इंट ३२,७६७ पर्यंतच. म्हणून अशा रकमांना 'लाँग लाँग' घ्यावं. पायथन शिकणाऱ्यांना हा मर्यादेचा त्रास नाही, तिथे पूर्णांक हवा तेवढा वाढतो; पण दोन तिरप्या रेघांचा भागाकार तिथेही अपूर्णांक टाकून देतो.

घरात कोणी मूल असा प्रोग्राम लिहीत असेल तर त्याला एवढंच सांगा : आधी वहीत उत्तर काढ, आणि एकूण बेरजेबरोबर प्रत्येक वारसाची ओळ त्याच्याशी ताडून पाहा.

आता राहिलं अम्मीचं. ती शून्याकडे बघत होती तेव्हा मला मान वर करवेना. अब्बांच्या इंतकालानंतर वाटणी आम्ही भावंडांनीच केली होती. "अम्मी तर आपल्याकडेच राहणार, तिला वेगळं कशाला," असं कोणीतरी म्हणालं आणि कोणी हरकत घेतली नाही. मीही नाही. कागदावर बेरीज तेव्हाही बरोबर होती.

त्या रात्री भावाला फोन केला. मोठ्या बहिणीशीही बोलले. रमजान ईदला सगळे जमणार आहोत, तेव्हा जुने कागद काढायचे ठरलं आहे. भाचीने विचारलं, "नानीची महर राहिली होती का? ती कर्जात धरायची ना?" महर बाकी असेल तर ती कर्जच, वाटणीच्या आधी द्यायची. अम्मीला विचारलं तर म्हणाली, आठवून सांगते. प्रोग्राममध्ये कर्जाचा रकाना आम्ही सध्या रिकामा ठेवला आहे.