दर्शनाबाहेरचे हैदराबाद

हिंगोलीहून मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ. शाळेची सहल असो की लग्नाचा बस्ता बांधून उरलेला एखादा दिवस असो, आमच्याकडचा माणूस आयुष्यात एकदा तरी ‘हैदराबाद दर्शन’च्या बसमध्ये बसतोच. बिर्ला मंदिर, सालारजंग संग्रहालय, चारमिनार, गोवळकोंडा आणि दिवस मावळताना हुसेनसागरातला बुद्ध. मीही या बसमधून दोन-तीनदा फिरलो आहे. या फिरतीला नावे ठेवण्याचा माझा विचार नाही. गोवळकोंड्याच्या फतेह दरवाज्यात वाजवलेली टाळी वर बालाहिसारात ऐकू येते, तेव्हा पोरांचे चेहरे पाहावेत!

खटकते ते वेगळेच. बसमधला गाइड दिल्लीच्या प्रवाशाला जे सांगतो तेच हिंगोलीच्या प्रवाशाला सांगतो, आणि हिंगोलीचा प्रवासीही ते पाहुण्यासारखे ऐकून घेतो. वास्तविक १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपण या शहरात पाहुणे नव्हतो. हैदराबाद ही आपली राजधानी होती.

सालारजंग संग्रहालयाचेच घ्या. बुरख्याआडची संगमरवरी रिबेका आणि तास वाजवणाऱ्या बाहुल्याचे घड्याळ यांपुढे गर्दी हटत नाही. हा संग्रह मुख्यतः तिसऱ्या सालारजंगाचा. पण त्याचे आजोबा, पहिले सालारजंग, १८५३ पासून तीस वर्षे निजामाचे दिवाण होते. १८६५ मध्ये त्यांनी जिल्हाबंदी केली, म्हणजे राज्याची जिल्ह्या-तालुक्यांत रीतसर वाटणी करून त्यांवर पगारी अधिकारी नेमले. तालुक्याच्या कचेरीशी आपला जो संबंध आहे, त्याचे मूळ या दिवाणाच्या कारभारात आहे. रिबेकापुढून हलताना एवढे कुणी सांगत नाही.

संग्रहालयातून चारमिनारकडे निघाले की मुसी नदीकाठी लाल-पांढऱ्या घुमटांची भव्य इमारत दिसते. ‘हायकोर्ट’ एवढे म्हणून गाइड पुढची विनोदी गोष्ट सुरू करतो. १९०८ च्या मुसीच्या महापुरानंतर शहराची जी नवी बांधणी झाली, त्यातली ही वास्तू १९२० मध्ये उघडली. मराठवाड्यातली अपिले १९५६ पर्यंत इथेच चालत. नंतर ती मुंबईला गेली आणि १९८१ मध्ये औरंगाबादला खंडपीठ आले. एकेका बांधावरून उठलेले भांडण कागदांच्या गठ्ठ्यात बांधून, भाकरी बरोबर घेऊन किती कुळे आणि किती जमीनदार इथपर्यंत आले असतील! त्यांची नातवंडे आज बसच्या खिडकीतून ही इमारत पाहतात आणि तिच्याशी आपले काही नाते होते हे त्यांना ठाऊक नसते.

कोठीजवळच्या जांबागेत तर बस थांबतही नाही. तिथली विवेकवर्धिनी ही संस्था विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उभी राहिली. उर्दूच्या राज्यात मराठी शिक्षणाला आसरा देणाऱ्या या संस्थेमागे वामन नाईक होते, केशवराव कोरटकर होते. कोरटकर जुन्या परभणी जिल्ह्याचे. १९९९ पर्यंत हिंगोली त्याच जिल्ह्यात होती, म्हणजे घरचाच माणूस. उस्मानिया विद्यापीठाचीही गोष्ट अशीच. १९३८ मध्ये ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा हट्ट धरला म्हणून निजामाच्या राज्यातील विद्यार्थ्यांना वसतिगृहांतून आणि वर्गांतून काढले गेले. नागपूर विद्यापीठाने दार उघडले, म्हणून अनेकांचे शिक्षण वाचले.

दरवर्षी १७ सप्टेंबरला आपण मुक्तिसंग्रामाचा झेंडा लावतो, भाषणे ऐकतो. शाळेतल्या मुलाला विचारावे, कोणाच्या राज्यातून मुक्ती आणि ते राज्य चालत कुठून होते? उत्तर ‘निजाम’पर्यंत येते आणि थांबते. निजाम त्यांच्या लेखी पुस्तकातला एक माणूस आहे, आणि हैदराबाद म्हणजे बिर्याणी आणि मोत्यांचे गाव.

यात गाइडचा दोष नाही. चाळीस माणसे, पाच भाषा आणि एक दिवस; तो बिचारा काय काय सांगणार? पण शाळांच्या सहली तर स्वतंत्र गाडीने जातात, आणि गाडीत इतिहासाचे गुरुजीही असतात. लाड बाजारात बांगड्यांसाठी दीड तास दिला जातो, त्यातला अर्धा तास काढावा. मुसीच्या पुलाच्या अलीकडे गाडी उभी करून गुरुजींनी पोरांना खाली उतरवावे, हायकोर्टाचे घुमट दाखवावेत. तिथून जांबाग फार लांब नाही.