राणीविना पेटी

परसात मधपेटी ठेवणाऱ्याच्या वाट्याला एक प्रसंग केव्हा ना केव्हा येतोच. आठदहा दिवसांनी झाकण उचलावे, एकेक चौकट उजेडात धरून दोन्ही अंगांनी न्याहाळावी आणि शेवटची चौकट परत ठेवताना ध्यानात यावे की, राणी कोठेच दिसली नाही. अशा वेळी नवखा मनुष्य एक तर हट्टाने तासभर पेटी उघडी टाकून साऱ्या चौकटी पुनःपुन्हा उलथीपालथी करतो, नाही तर त्याच दिवशी दुसरी राणी मिळविण्यासाठी धावपळ आरंभतो. वस्तुतः दोहोंचीही गरज नसते.

राणी शोधू नये, अंडी शोधावीत. आपल्या सातेरी माशीची राणी काळसर व लाजरी असते. पेटी हलली की माश्यांच्या गर्दीत ती अशी दडते की अनुभवी डोळ्यालाही चकवा बसावा. अंडी मात्र पळून जात नाहीत. सूर्याकडे पाठ करून चौकट किंचित तिरपी धरली, म्हणजे घरांच्या तळाशी तांदळाच्या कणीहूनही बारीक पांढऱ्या काड्या दिसतात. पहिल्या दिवशी अंडे उभे असते, मग ते कलते आणि तिसऱ्या दिवशी आडवे होऊन त्यातून अळी निघते. तेव्हा एका घरात एकच अंडे असे दिसले, तर तीन दिवसांपूर्वीपर्यंत तरी राणी पेटीत नांदत होती, हे निश्चित. अंडी नाहीत पण कोवळ्या अळ्या आहेत, तर तिला जाऊन चारपाच दिवस झाले; केवळ मेणाने झाकलेली घरेच उरली असतील, तर आठनऊ दिवस उलटून गेले.

माश्यांना ही वार्ता आपल्या कितीतरी आधी कळलेली असते. राणीच्या अंगच्या द्रव्याचा गंध माश्यांच्या परस्परस्पर्शाने पेटीभर फिरत असतो. कॉलिन बटलर या इंग्रज शास्त्रज्ञाने १९५४ साली या द्रव्याकडे जगाचे लक्ष वेधले. हा गंध खुंटला की काही तासांतच पेटीचा सूर पालटतो. गुंजारवाऐवजी एक अस्वस्थ, विव्हळणारा आवाज येऊ लागतो. परंतु शोक करीत बसणे हा माश्यांचा स्वभाव नव्हे. नुकत्याच निघालेल्या काही अळ्या निवडून, त्यांना राजान्न भरवीत, त्या अळ्यांभोवती भुईमुगाच्या शेंगेसारखी लोंबती राणीघरे बांधू लागतात. पोळ्याच्या मध्यभागी अशी घरे दिसली, तर ती कृपा करून मोडू नयेत. थवा सुटण्याच्या भीतीने ती खुडणारे अनेक जण मी पाहिले आहेत. थव्याच्या तयारीची घरे बहुधा पोळ्याच्या खालच्या कडेला असतात, हा भेद त्यांच्या ध्यानात येत नाही.

यापुढे धीराचे काम आहे. जुनी राणी गेल्यापासून सुमारे बारा दिवसांनी नवी बाहेर येते. पुढे आठवडाभराने ती मीलनासाठी आकाशात झेपावते आणि त्यानंतर काही दिवसांनी अंडी घालू लागते. एकूण तीनचार आठवडे झाले. या झेपेतून ती परतेलच असे नाही; वेडा राघू आणि कोतवाल यांना तिची थोरवी ठाऊक नसते. पुन्हा, सह्याद्रीच्या माथ्यावर ऐन पावसाळ्यात नर फारसे नसतात, उडण्यास उघडीप नसते. त्या दिवसांत नव्या राणीची आशा धरण्यापेक्षा पेटी दुसऱ्या पेटीत मिसळून टाकणे शहाणपणाचे.

अंडी नाहीत, राणीघरेही नाहीत, असे असेल तर? येथेच मी एकदा फसलो. पेटी राणीविना आहे असे गृहीत धरून मी मोठ्या मिनतवारीने आणलेली राणी आत सोडली आणि दुसऱ्या दिवशी दारापुढे तिचे प्रेत पाहिले. पेटीत कुमारी राणी होती. तिने अंडी घालण्यास अद्याप आरंभ केला नव्हता, इतकेच. तेव्हापासून मी आधी परीक्षा घेतो. निरोगी पेटीतून अंडी व कोवळ्या अळ्या असलेली एक चौकट माश्या झटकून आणावी आणि संशयित पेटीच्या मध्यभागी ठेवावी. दोनतीन दिवसांत तिच्यावर राणीघरे उभारली गेली, तर राणी नाही, आणि उपायही सुरू झाला. उभारली नाहीत, तर राणी आहे. आपण हात आवरावा. याच कारणासाठी एकच पेटी बाळगू नये, निदान दोन असाव्यात. चौकट मात्र त्याच जातीच्या पेटीतली हवी. उत्तरेकडे पुष्कळ ठिकाणी पाळली जाणारी इटालियन माशी आणि आपली सातेरी यांची अदलाबदल चालत नाही. अळ्यांच्या रोगाची शंका असलेल्या पेटीतून तर ती मुळीच आणू नये. १९९१ नंतर थाई सॅकब्रूड या विषाणूने दक्षिण भारतातील असंख्य सातेरी पेट्या ओस पाडल्या आहेत.

फार उशीर झाला, तर वेगळेच दृश्य दिसते. एकेका घरात दोनदोन, तीनतीन अंडी, तीही भिंतींना चिकटलेली. कामकरी माश्याच अंडी घालू लागलेल्या असतात, आणि सातेरीत हे फार लवकर घडते. या अंड्यांतून केवळ नर निपजतात. उंच फुगीर झाकणे आणि त्यांच्या टोकावरील सूक्ष्म छिद्र यांवरून ते ओळखू येतात. अशा पेटीला राणी देऊन वाचविण्याचे प्रयोग बहुधा फसतात. माझे मत स्पष्ट आहे: ती एखाद्या बळकट पेटीत विलीन करावी. सायंकाळी बळकट पेटीच्या पिलावाकोठीवर वर्तमानपत्राचा एक कागद पसरावा, टाचणीने चारपाच भोके पाडावीत आणि त्यावर दुसरी पेटी, तळफळी काढून, ठेवावी. एकदोन दिवसांत माश्या कागद कुरतडून एकमेकींत मिसळतात. तोवर दोहींचा गंध एक झालेला असतो, त्यामुळे भांडण होत नाही.

राणी नाहीशी होण्याची कारणे अनेक. परंतु पुष्कळदा ती आपल्याच दोन चौकटींमध्ये चिरडलेली असते. म्हणून तपासणीत आधी कडेची चौकट काढून जागा करावी, मग उरलेल्या सावकाश उचलाव्यात. आणि राणीघरे दिसली, त्या दिवसाची तारीख झाकणावर खडूने लिहून ठेवून, पुढले तीन आठवडे त्या पेटीला हात लावू नये. दारातून परागाच्या गोळ्या आत जात आहेत की नाहीत, एवढे बाहेरूनच पाहत असावे.