टाके घालण्याआधी एक वाक्य



गेल्या महिन्यात एका रविवारी मी सातवीचे चाचणीचे पेपर तपासत बसले होते. भाची आली. तिला आठवा महिना लागलेला, पहिलंच बाळंतपण. बराच वेळ ती इकडचं तिकडचं बोलत राहिली. मुलं बाहेर गेल्यावर जवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "खाला, एक विचारू? ते खालचे टाके घालतात ना, खूप दुखतं का?"

माझ्या हातातलं लाल पेन तसंच राहिलं. हाच प्रश्न काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेतल्या एका तरुण शिक्षिकेने मला विचारला होता. तेव्हा मी म्हणाले होते, "अगं, सगळ्यांनाच पडतात. सब्र कर. बाळ हातात आलं की विसरशील." ती गप्प झाली. रजा संपवून परत आली तेव्हा स्टाफरूममध्ये खुर्चीवर एका बाजूला कलून बसायची. मला दिसत होतं, पण मी विचारलं नाही. आणि खरं सांगते, विसरायला होतं हे मी तिला खोटं सांगितलं होतं. मी स्वतः विसरले नव्हते.

माझ्या पहिल्या बाळंतपणाला वीस वर्षं होऊन गेली. कळा जोरात आल्या होत्या, सिस्टर "जोर कर, जोर कर" म्हणत होत्या आणि अचानक कात्रीचा आवाज आला. काय केलं ते कुणी आधी सांगितलं नाही, नंतरही नाही. टाके घालताना सुईचा प्रत्येक टोचा मला कळत होता. मी ओरडले तर उत्तर मिळालं, "आता काय ओरडतेस? झालं ना मूल!" घरी गेल्यावर दोन-तीन आठवडे लघवीला जायची भीती वाटायची. अम्मीलासुद्धा सांगितलं नाही, लाज वाटली. दवाखान्याच्या कागदावर लिहिलं होतं, 'नॉर्मल डिलिव्हरी'.

त्या दिवशी भाचीला मात्र "सगळ्यांनाच पडतात" म्हणायचं नाही, असं ठरवलं. पेपर बाजूला ठेवले आणि जे माहीत आहे ते नीट सांगितलं. तेच आज तुमच्यापुढे मांडते.

बाळाचं डोकं बाहेर येण्याच्या वेळी योनीमार्गाचं तोंड आणि शौचाची जागा यांच्यामधल्या भागाला कात्रीने छेद देतात. याला डॉक्टर 'एपिसिओटॉमी' म्हणतात, आपल्या बायका 'कट मारला' किंवा 'टाके पडले' म्हणतात. डब्लिनच्या फील्डिंग ओल्ड यांनी १७४२ साली आपल्या पुस्तकात हा छेद सांगितला, तो अडलेल्या बाळंतपणासाठी. पुढे १९२० साली अमेरिकेतले डॉ. जोसेफ डी ली यांनी तो आधीच खबरदारी म्हणून द्यावा असा आग्रह धरला. आपोआप फाटण्यापेक्षा सरळ कापलेलं बरं भरतं, हा त्यामागचा विचार. तो जगभर पसरला आणि पहिलटकरणीला कट द्यायचाच, अशी अनेक ठिकाणी रीत पडली.

नंतर हा विचार तपासून पाहिला गेला. अर्जेंटिनात २,६००हून जास्त बाळंतिणींचा अभ्यास झाला आणि १९९३ साली प्रसिद्ध झाला. सरसकट कट दिल्याने मोठ्या जखमा टळल्या नाहीत. उलट जिथे गरजेपुरताच कट दिला, तिथे टाके, दुखणं आणि जखम भरताना होणारे त्रास कमी राहिले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटलं आहे की, आपोआप होणाऱ्या बाळंतपणात सरसकट कट देऊ नये. द्यावाच लागला तर भूल द्यावी आणि त्या स्त्रीची समजून-उमजून दिलेली संमती घ्यावी.

याचा अर्थ कट कधीच नको, असा नाही. बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावले आणि त्याला लगेच बाहेर काढायचं असेल, चिमटा लावावा लागला, किंवा बाळाचा खांदा अडकला आणि डॉक्टरांना हात घालायला जागा हवी असेल, तर हाच छेद उपयोगी पडतो. अशा वेळी तो देणाऱ्या डॉक्टरांचे आपण आभारच मानायला हवेत. कट दिला नाही तर काहीच फाटणार नाही, असंही नाही. पहिल्या बाळंतपणात बहुतेकींना थोडंफार खरचटतं किंवा फाटतं. लहान जखम सहसा लवकर भरते.

मग माझी तक्रार कशाबद्दल आहे? न विचारण्याबद्दल. आम्ही शाळेची सहल जवळच्या किल्ल्यावर न्यायची म्हटली तरी आधी घरी चिठ्ठी पाठवतो. कुठे जाणार, किती वाजता परतणार, सगळं लिहून पालकांची सही घेतो. इथे तर एका जाणत्या, शुद्धीवर असलेल्या बाईचं अंग कापायचं आहे. "ताई, बाळाचे ठोके कमी होताहेत, छोटा कट द्यावा लागेल, भूल देते, चालेल ना?" हे एक वाक्य म्हणायला किती वेळ लागतो?

"भरती करताना फॉर्मवर सही घेतली होती," असं कुणी म्हणेल. आपल्या घरांत ती सही बहुतेक वेळा शौहर करतो, न वाचता. माझ्यावेळीही तसंच झालं. पण २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात या बाबतीत महत्त्वाचा निकाल दिला. तपासणीसाठी भूल दिलेल्या एका बाईचं गर्भाशय काढून टाकलं होतं आणि संमती घेतली होती बाहेर बसलेल्या तिच्या आईची. न्यायालयाने ती संमती मानली नाही. सज्ञान आणि समज असलेल्या रुग्णाची संमती तिची स्वतःचीच हवी, आणि एका गोष्टीला दिलेली संमती दुसऱ्या गोष्टीला लागू होत नाही, असं सांगितलं. जीव वाचवण्यासाठी क्षणाचीही उसंत नसेल तेवढाच अपवाद. म्हणजे सख्खी आईसुद्धा जिथे चालत नाही, तिथे नवऱ्याची सही बाईच्या होकाराची जागा कशी घेईल?

हे सगळं ऐन कळांत बोलणं अवघड असतं. म्हणून सातव्या-आठव्या महिन्यातल्या तपासणीलाच विचारून ठेवावं. तुम्ही कट सगळ्यांना देता की गरज पडली तरच? माझ्या बाबतीत वेळ आली तर मला आधी सांगाल ना? भूल कशी देता? माझ्याजवळ अम्मी किंवा बहीण थांबू शकेल का? कूस बदलून जोर करता येईल का? सरकारी दवाखान्यांतल्या लेबर रूम सुधारण्यासाठी २०१७ साली 'लक्ष्य' हा कार्यक्रम सुरू झाला. त्यातही बाळंतिणीला सन्मानाने वागवण्यावर आणि तिच्या सोबत कुणी असण्यावर भर आहे. तेव्हा सरकारी दवाखान्यात असलात तरी विचारायला संकोच करू नका. पस्तिसाव्या आठवड्यानंतर त्या जागेला तेलाने हलका मसाज करण्याबद्दलही डॉक्टरांना विचारा. पहिल्या बाळंतपणात त्याने टाक्यांची शक्यता काहीशी कमी होते. डोकं बाहेर येताना कोमट पाण्याचं कापड धरल्यानेही मोठी जखम टळायला मदत होते.

आता दुखण्याबद्दल. कट देण्यापूर्वी आणि टाके घालण्यापूर्वी जागा बधिर करण्याचं इंजेक्शन देतात. ते भिनायला काही मिनिटं लागतात. सुई कळत असेल तर "थांबा, मला कळतंय" असं मोठ्याने सांगा. आणखी भूल देता येते. गप्प राहून सोसण्याला आपण हया समजतो, पण अन्सारी स्त्रियांची हजरत आयेशा (रजि.) यांनी तारीफ केली ती याचसाठी, की दीन समजून घेताना लाज त्यांच्या आड आली नाही. त्या अगदी खासगी प्रश्नही विचारत. आणि हजरत मरियम (अलै.) यांच्या कळांचं दुःख तर कुरआननेच सांगितलं आहे. ते झाकून ठेवलेलं नाही. मग आपल्या मुलींनी का झाकावं?

घरी आल्यावर काय करायचं, ते माझ्यावेळी कुणी सांगितलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पहिल्या दिवशी-दोन दिवशी बर्फ स्वच्छ कापडात गुंडाळून दहा-दहा मिनिटं धरला तर सूज उतरते. बर्फ थेट लावू नये. लघवी करताना तांब्याने वरून कोमट पाणी सोडत राहिलं तर आग कमी होते. इस्तिंजा नेहमी पुढून मागे करावा, चोळू नये, मऊ कापडाने टिपून कोरडं करावं. दिवसातून दोन-तीनदा स्वच्छ टबमध्ये कोमट पाणी घेऊन त्यात बसावं. पॅड दर काही तासांनी बदलावं. पॅरासिटामॉलसारखी गोळी डॉक्टरांना विचारून घेतली तर अंगावर पाजणाऱ्या आईला चालते. दुखणं अंगावर काढू नये. दूध पाजताना कुशीवर झोपावं, म्हणजे टाक्यांवर भार येत नाही.

बद्धकोष्ठता होऊ देऊ नका. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर जरूर खा, पण सोबत भरपूर पाणी, भाजी, फळं हवीत. लागलं तर इसबगोल घ्यावं. घरात भारतीय पद्धतीचा संडास असेल तर उकिडवं बसताना जीव जातो. महिनाभरासाठी कमोडची खुर्ची आणून ठेवा. आणि सासूबाईंना एक विनंती. शेकशेगडी करताना निखाऱ्याची धग जखमेवर घेऊ देऊ नका आणि टाक्यांत हळद, तेल, राख असं काही भरू नका.

टाके बहुधा आपोआप विरघळणारे असतात. जखम वरून दोन-तीन आठवड्यांत मिटते, पूर्ण बरं वाटायला सहा आठवडे किंवा जास्तही लागतात. पण दुखणं कमी होण्याऐवजी वाढत गेलं, ताप आला, घाण वास किंवा पू आला, टाके उसवले, किंवा वारा-शौच आवरता येईना झाली, तर चाळीस दिवस पुरे व्हायची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. शौच न आवरणं हे तर अनेक बायका वर्षानुवर्षं लपवतात. त्यावर उपचार आहेत.

चाळीस दिवसांचा विषय निघालाच आहे, तर तेही बोलू. निफासची हनफी मसलकात जास्तीत जास्त मुदत चाळीस दिवस आहे, कोकणातल्या आपल्या शाफई बहिणींमध्ये साठ. ही रक्तस्रावाची कमाल मुदत आहे. जखम भरल्याचा तो दाखला नाही. रक्त आधी थांबलं तर गुस्ल करून नमाज सुरू होते. टाक्यांमुळे सजदा जमत नसेल तर खुर्चीवर बसून, इशाऱ्याने पढण्याची सवलत आजाऱ्याला आहेच. आणि शौहरांनो, हे पान तुमच्याही हाती पडत असेल. मुदत संपली म्हणजे तिचं दुखणं संपलं, असं धरून चालू नका. कित्येकींना पुढे काही महिने जवळीक नकोशी वाटते, कारण दुखतं. तिला विचारा. तिने "अजून नको" म्हटलं तर थांबा. दवाखान्यात तिला कुणी विचारलं नसेल, निदान घरात तरी विचारलं जाऊ दे.

पुढच्या तपासणीला भाचीबरोबर मी गेले. तिची सासूही होती. भाचीने वहीत प्रश्न लिहून नेले होते. डॉक्टर बाई आधी जरा वैतागल्या. "ऐन वेळी कुठे वेळ असतो गं सांगायला?" भाची खाली बघून, पण न थांबता म्हणाली, "मॅडम, एकच वाक्य सांगा. मी नाही म्हणणार नाही. मला फक्त माहीत असू दे." डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मी सगळ्यांना देत नाही. गरज वाटली तर सांगूनच देईन." फाइलवर त्यांनी दोन ओळी लिहिल्याही.

परतताना रिक्षात तिची सासू बराच वेळ बोलली नाही. घर जवळ आल्यावर माझा हात धरून म्हणाली, "आपा, माझ्या चारही वेळा कुणी विचारलं नाही. विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं."

शाळेतल्या त्या शिक्षिकेला मी परवा फोन केला. तिचा मुलगा आता पहिलीत आहे. मी माफी मागितली तेव्हा ती आधी हसली, मग बराच वेळ बोलत राहिली. इतक्या वर्षांत हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

भाचीचे दिवस भरायला अजून तीन आठवडे आहेत. तिच्यासाठी दुआ करा. आणि तुमच्या घरात कुणी पोटुशी असेल, तर आज तिला जवळ बसवून विचारा की तिला कशाची भीती वाटते.