सोपाऱ्याचा दगड



गेल्या आठवड्यात आमच्या शेजारची सहावीतली मुलगी शाळेच्या सहलीहून आली. नालासोपाऱ्याहून बसने मुंबईला, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पाहायला गेली होती. तिची आई चार घरची धुणीभांडी करते. सहलीचे पैसे तिने किराण्यातून थोडे थोडे बाजूला काढले होते. पहाटे उठून तिखटमिठाच्या पुऱ्या करून दिल्या.

संध्याकाळी मी मुलीला विचारले, "काय काय पाहिलंस गं?"

पोरगी खुलली. तलवारी, ढाली, पेंढा भरलेले प्राणी, सारे सांगून झाले.

"आणि आपल्या सोपाऱ्याचा दगड?"

ती बघतच राहिली. "आपल्या सोपाऱ्याचा? तिथं?"

कोणी दाखवलाच नव्हता. इतकी मुले आणि दोनच बाई. रांग सांभाळायची की एकेक वस्तू समजावायची? त्यांनाही मी दोष देत नाही. पण जिच्या गावचा दगड, तीच त्याच्याजवळून न पाहता निघून गेली, याची मला रात्रभर रुखरुख लागली.

हा दगड म्हणजे सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा. आपले सोपारा त्या काळी मोठे बंदर होते, शूर्पारक नावाचे. अशोकाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इथल्या लोकांसाठी ब्राह्मी लिपीत, लोकांच्या प्राकृत भाषेत लेख कोरवले. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला, तेव्हा आत दगडी पेटी मिळाली. त्याच साली आठव्या लेखाचा तुकडाही हाती लागला. नवव्या लेखाचा तुकडा जवळच्या भुईगावात सापडला तो 1956 साली. बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली तेच हे वर्ष!

या तुकड्यांवर थोड्याच ओळी उरल्या आहेत. पण हेच लेख गिरनारसारख्या ठिकाणी जास्त शाबूत आहेत, म्हणून त्यांचा अर्थ कळतो. आठवा लेख तर सहलीबद्दलच आहे म्हणा ना! पूर्वीचे राजे मौजेसाठी, शिकारीसाठी बाहेर पडत. अशोक बोधिवृक्षाच्या ठिकाणी जाऊन आला आणि त्याने धम्मयात्रा सुरू केली. श्रमण-ब्राह्मणांना आणि वृद्धांना भेटायचे, दान द्यायचे, गावोगावच्या माणसांशी धम्माविषयी बोलायचे. नवव्या लेखात तो म्हणतो की लोक आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना नाना विधी करतात. त्यांचे फळ थोडे. खरा मंगलविधी कोणता? दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणे, गुरुजनांचा मान राखणे, जिवांना न दुखवणे, दान देणे.

हे मी मायलेकींना सांगत होते. 'दास आणि नोकर' हे शब्द आले तशी आईने तांदूळ निवडायचे थांबवले.

"ताई, राजानं हे दगडावर लिहून ठेवलं?"

"हो. आणि आपल्याच गावात."

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "माझ्या मालकिणीला दाखवायला पाहिजे." आम्ही हसलो, पण तिचे डोळे भरले होते.

भगिनींनो, आपल्या पिढ्यान् पिढ्यांना अक्षरापासून दूर ठेवले गेले. म्हणून आपल्या मुलांना वाटते की इतिहास दुसऱ्यांचा, आपण फक्त तो पाठ करायचा. पुस्तकातला अशोक पाटलिपुत्रात राहतो आणि परीक्षा झाली की विसरला जातो. तोच अशोक आपल्या स्टेशनच्या गावात बोलून गेला आहे, हे कळले की मूल वर्गात मान वर करून बसते. हे काम एकट्या शाळेवर सोडून चालणार नाही.

सहलीची चिठ्ठी घरी आली की पैसे आणि डबा एवढ्यावर थांबू नका. आदल्या रात्री मुलाला जवळ घेऊन तिथे आपले काय आहे ते सांगा. स्वतःला माहीत नसेल तर विहारात विचारा. दप्तरात वही-पेन्सिल द्या आणि सांगा, "सोपाऱ्याचा दगड कुठे आहे, हे बाईंना विचार. त्यावरचे एक अक्षर वहीत काढून आण." त्याच संग्रहालयात सिंधमधल्या मीरपूर खासच्या स्तूपातल्या बुद्धमूर्तीही आहेत, त्याही पाहायला सांगा. मूल घरी आले की थकले असले तरी दहा मिनिटे त्याचे ऐका. आपण ऐकतो म्हटल्यावर पुढच्या वेळी ते नीट पाहते.

ज्यांना सहलीचे पैसे जमले नाहीत, त्या मुलांचे काय? विहाराच्या महिला मंडळांनी एक रविवार काढावा. सकाळी आधी सोपाऱ्याच्या स्तूपावर वंदना घ्यावी, मग लोकलने चर्चगेट. तिथून संग्रहालयापर्यंत चालत जाता येते. डबे घरचे.

आमच्या वस्तीत असा रविवार ठरला आहे. सर्वांत आधी नाव दिले ते त्या मुलीच्या आईने. त्या दिवसाची सुट्टीही तिने चारही घरी सांगून ठेवली आहे.

जयभीम!