आधी फॉलोअर्स, मग कला? आपल्या मुलींना हा सौदा महाग पडतोय

कविता कशी आहे, आवाज कसा आहे, हे नंतर. हल्ली पहिला प्रश्न येतो, 'इन्स्टावर फॉलोअर्स किती?' लिहिणाऱ्याने, गाणाऱ्याने, चित्र काढणाऱ्याने आता रोज चेहरा दाखवायचा, घर दाखवायचं, प्रत्येक विषयावर मत द्यायचं. काम करायला वेळ उरला तर उरला.

मोठी नावंही यातून सुटलेली नाहीत. मे २०२२ मध्ये अमेरिकन गायिका हॅल्सीने उघड तक्रार केली, की गाणं तयार आहे, पण टिकटॉकवर गाजावाजा झाल्याशिवाय कंपनी ते बाहेर काढत नाही. आपल्याकडे जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने रील्स आणले. ॲप बदललं, दबाव तोच राहिला.

पूर्वी गर्दी जमवणं हे एकट्या कलाकाराचं काम नव्हतं. बार्शीचे शाहीर अमर शेख संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत गायले, तेव्हा मंच चळवळीने उभा केला होता. १९९० मध्ये सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा लिहिणाऱ्यांना व्यासपीठ समाजातल्या जाणत्या लोकांनी दिलं. आज मंचही कलाकारानेच आणायचा आणि प्रेक्षकही.

आपल्या मुलींसाठी यात आणखी एक धोका आहे. जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' आणि १ जानेवारी २०२२ ला 'बुल्ली बाई' या ॲपवर मुस्लिम महिलांचे सोशल मीडियावरचे फोटो उचलून त्यांचा खोटा 'लिलाव' मांडला गेला. त्यात पत्रकार होत्या, लेखिका होत्या, कार्यकर्त्या होत्या. पुढे पोलिसांनी अटकाही केल्या. पण ज्या जगात 'दिसा, नाहीतर संधी नाही' असं सांगितलं जातं, तिथे दिसण्याची किंमत सगळ्यांना सारखी नाही, हे त्या दोन प्रकरणांनी दाखवून दिलं.

मग मुलीचा फोन काढून घ्यायचा का? मुळीच नाही. तिला गप्प करणं हेच त्या लोकांना हवं होतं. ते काम आपण घरात बसून कशाला करायचं? कोणी त्रास दिला तर स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलिसांत तक्रार करा. अब्बा-भाऊ सोबत गेले तर तिला बळ येतं.

आणि मंचाचं काय? आपल्या शाळा आहेत, वाचनालयं आहेत, मुशायरे आहेत, ईदचे अंक निघतात. तिथे निवड करताना फॉलोअर्स मोजू नका, चार पानं वाचा. एखादीला फोटो न देता, टोपणनावाने लिहायचं असेल तर लिहू द्या. पुस्तक आवडलं तर नुसतं लाइक करून थांबू नका, विकत घ्या. मुलगी चांगलं लिहिते एवढंच तिला बोलावायला पुरेसं असलं पाहिजे. निदान आपल्या मोहल्ल्यात तरी.